जाड भिंत म्हणजे इन्सुलेशन नव्हे

जुन्या दगडी घरात भर दुपारी शिरलं की गार वाटतं आणि कुणीतरी हमखास म्हणतं, "भिंती जाड आहेत ना, उष्णता आत येतच नाही." येते. फक्त उशिरा येते.

दगडातून उष्णता बऱ्यापैकी सहज वाहते. अर्धा मीटर जाडीची दगडी भिंत उष्णतेला जितकी अडवते, साधारण तितकंच खनिज लोकरीचा (इन्सुलेशनसाठी वापरतात त्या खनिज तंतूंच्या गादीचा) 1 सेंटिमीटरचा थर अडवतो. मग गारवा येतो कुठून? भिंतीच्या वजनातून. एक घनमीटर दगड 1 अंशाने तापायला सुमारे 2000 किलोज्यूल उष्णता लागते; तेवढ्याच हवेला जेमतेम सव्वा किलोज्यूल पुरते. दिवसभराची उष्णता भिंत पोटात घेते आणि ती आतल्या बाजूला पोचेपर्यंत दहा-बारा तास सहज जातात. तोवर बाहेर रात्र झालेली असते, खिडक्या उघडल्या की घर निवतं. याला म्हणतात थर्मल मास.

इन्सुलेशनचा थर हलका असतो. तो साठवत जवळपास काहीच नाही, वाट अडवतो. रात्र गार आहे की उकाड्याची, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पण खिडकीतून ऊन आत आलं, तर ती उष्णताही तो तितक्याच इमानाने आत कोंडून ठेवतो.

हवामानबदलामुळे हा फरक महागात पडू लागला आहे. अनेक प्रदेशांत रात्रीचं किमान तापमानही वाढतंय. उष्णतेची लाट लांबली की भिंत रात्री पुरती रिकामी होत नाही, दुसऱ्या दिवशी तीवर आणखी भर पडते आणि शेवटी तीच भिंत मध्यरात्री शेगडीसारखी धगधगते.

यावर हौसेने केला जाणारा उपाय म्हणजे आतून फोमचे पत्रे ठोकणं. माझ्या मते तो सर्वांत शेवटी विचारात घ्यावा. एक तर खोलीचा आणि भिंतीचा संबंध तुटतो, म्हणजे होतं ते थर्मल मासही वाया जातं. दुसरं, थंडीत खोलीची ऊब न मिळालेली भिंत आणखी गारठते. खोलीतली वाफ फटींतून पत्र्यामागे जाते, तिथे तिचं पाणी होतं आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं कुजू लागतात. बाहेरून सिमेंटचा गिलावा असेल, तर ती ओल सुकायलाही वाव नाही. आतून थर द्यायचाच असेल, तर वाफ आरपार जाऊ देणारा हवा: लाकडी तंतूंचे फलक किंवा चुना-भांग मिश्रण (चुन्यात कालवलेले भांगेच्या काड्यांचे तुकडे), तेही बेताच्या जाडीचं. इन्सुलेशन बाहेरून बसवणं शास्त्राने उत्तम, कारण वजन आतच राहतं. पण कोरीव दर्शनी भाग झाकला जातो, आणि वारसा-इमारतीला त्याची परवानगी सहसा मिळत नाही.

त्यापेक्षा आधी छताकडे पाहावं. तिथे इन्सुलेशन घातल्याने भिंतींना धक्का लागत नाही. मग खिडक्यांना बाहेरून झडपा, आणि रात्री वारा आरपार वाहील अशी सोय. भिंतींवर खर्च करण्याआधी, ऐन उन्हाळ्यात पहाटे भिंतीच्या आतल्या पृष्ठभागाचं आणि बाहेरच्या हवेचं तापमान मोजावं. हवा स्पष्टपणे गार असेल, तर झडपा आणि रात्रीच्या वाऱ्यावर बरंच काम भागेल. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले, तर भिंतीकडून जास्त अपेक्षा ठेवू नये.