मार्तंड (व्यक्तिनाम)

मार्तंड : सूर्याचे एक प्राचीन नाव, महाराष्ट्रात आणि लगतच्या कर्नाटकात खंडोबाचेही. पुरुषाचे व्यक्तिनाम म्हणून ते मराठीत विरळच राहिले. संस्कृतात मार्ताण्ड आणि मार्तण्ड अशी दोन रूपे आहेत. ऋग्वेदात दीर्घ आकाराचे रूप येते आणि मल्याळम, कन्नड या भाषांनी तेच टिकवले. मराठी व हिंदीत ऱ्हस्व रूप रूढ झाले. हा ऱ्हस्व व्याकरणाच्या नेहमीच्या नियमांत बसत नाही. ‘मार्त’ आणि ‘अण्ड’ यांचा सवर्णदीर्घ संधी ‘मार्ताण्ड’ असाच व्हायला हवा. परंपरागत वैयाकरणांनी म्हणून हा शब्द शकन्धु, कुलटा, सीमन्त, मनीषा अशा अपवादांच्या गणात घालून पररूप संधी (दोन स्वरांच्या जागी पुढचाच स्वर उरणारा) मानला.

नावाचा अर्थ हा यातला सर्वांत वादाचा भाग. शब्दाचे घटक ‘मृत’ आणि ‘अण्ड’ असल्याबद्दल फारसा मतभेद नाही. आद्यस्वराची वृद्धी (‘ऋ’चा ‘आर्’) होऊन ‘मृताण्डापासून झालेला’ असा तद्धितार्थ, म्हणजे प्रत्ययाने येणारा अर्थ, निघतो. प्रश्न आहे तो ‘मृत’ म्हणजे नेमके काय, हा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील 72व्या सूक्तात अदितीच्या आठ पुत्रांचा उल्लेख आहे. सात पुत्रांसह ती देवांकडे गेली आणि आठव्या मार्ताण्डाला तिने दूर टाकले, असे आठवी ऋचा सांगते. पुढच्याच ऋचेत तिने त्याला प्रजेसाठी आणि मृत्यूसाठी परत आणले. ‘परत आणले’ यावर भर देणारे अभ्यासक येथे रोज मावळणारा आणि रोज उगवणारा सूर्य पाहतात. दुसऱ्या मंडलातील सवितृसूक्तात (2.38) मात्र हाच शब्द संध्याकाळी घरट्याकडे परतणाऱ्या पक्ष्यासाठी आलेला दिसतो. तेथे ‘अंड्यातून जन्मलेला’ एवढाच अर्थ पुरतो, सूर्याचा संबंध जोडावा लागत नाही. तेव्हा शब्द आधी सूर्यवाचक होता असे ठामपणे म्हणता येत नाही.

नंतरच्या संहिता व ब्राह्मणग्रंथांत कथा अधिक स्पष्ट होते. तैत्तिरीय संहितेत अदिती ब्रह्मौदन, म्हणजे यज्ञातला भात, शिजवते. उरलेला भात खाल्ल्यावर तिला चार आदित्य (अदितीचे पुत्र) होतात. पुढच्या वेळी आधी खाल्ले तर अधिक बलवान संतती होईल या समजुतीने ती स्वतः आधी खाते आणि तिच्या पोटी फसलेले अंडे येते. पुन्हा ओदन शिजवल्यावर विवस्वान आदित्य जन्मतो. शतपथ ब्राह्मणात आठवा पुत्र अवयव न फुटलेला, जेवढा उंच तेवढाच रुंद असा गोळा आहे. भाऊ आदित्य त्याला घडवतात. तोच विवस्वान, म्हणजे सूर्य. कापून टाकलेल्या मांसापासून हत्ती झाला, म्हणून हत्ती दान घेऊ नये, अशी पुस्तीही तेथे जोडली आहे.

पुराणांनी नावाला संवादाचे रूप दिले. मार्कंडेय पुराणात गर्भवती अदिती कडक व्रते करते. कश्यप रागावून ‘उपास करून हे अंडे मारतेस काय’ असे विचारतो आणि त्या ‘मारित अण्ड’ शब्दांवरून मुलाचे नाव पडते. हरिवंशात कश्यपाचे उद्गार नेमके उलट आहेत : ‘अंड्यातला हा मेलेला नाही’, असे तो स्नेहाने म्हणतो. भागवतात तर निर्जीव ब्रह्मांडात सूर्य प्रकटला म्हणून तो मार्तंड, अशी विश्वोत्पत्तीची जोड आहे. या कथा नावावरून मागाहून रचलेल्या निरुक्ती (व्युत्पत्ती) आहेत हे उघड आहे. तरी तिन्हींचा रोख एकच : निर्जीव वाटणाऱ्यातून जीव निघाला. नावाचा अर्थ ‘मेलेले अंडे’ असा सांगून ते अशुभ ठरवणे म्हणून योग्य नाही.

आधुनिक भाषाशास्त्रात कार्ल होफमन यांनी 1957 मध्ये मांडलेले मत महत्त्वाचे मानले जाते. त्यांनी मार्ताण्डाची तुलना अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातील गयो-मरेतन या आद्य मर्त्य पुरुषाशी केली. त्यानुसार ‘मृत’चा रोख ‘मर्त्य’ या कल्पनेकडे आहे आणि मार्ताण्ड मूळचा मर्त्य मानवाचा पूर्वज असून सूर्याशी त्याचे ऐक्य नंतरचे. विवस्वान हा मनूचा आणि यमाचा पिता आहे, ऋचेत प्रजा आणि मृत्यू ही दोन्ही प्रयोजने एकत्र येतात, हे पाहता हे मत सूर्यास्ताच्या रूपकापेक्षा अधिक समाधानकारक वाटते. अमरकोशाच्या काळापर्यंत मात्र शब्द निःशंकपणे सूर्याचा पर्याय झाला होता. आदित्यहृदय स्तोत्रातही तो सूर्यनामांत येतो.

काश्मीरमध्ये अनंतनागजवळ मट्टण येथे मार्तंडाचे भव्य मंदिर आठव्या शतकात ललितादित्य मुक्तापीडाने बांधले, असे कल्हणाच्या राजतरंगिणी या काश्मीरच्या इतिहासग्रंथावरून सामान्यतः मानतात. अखंड दगडी प्राकार (तटबंदी) आणि द्राक्षांनी समृद्ध नगर, असे त्याचे वर्णन तेथे आहे. त्या जागी त्याआधी एखादे लहान देवालय असावे, असेही एक मत आहे. आज अवशेष उरले आहेत. मट्टण हे ग्रामनाम मार्तंडावरूनच आले.

महाराष्ट्रात हे नाव पोहोचले ते मुख्यतः मार्तंडभैरव या रूपाने. मल्हारीमाहात्म्य स्वतःला ब्रह्मांडपुराणाचा भाग म्हणवते, पण ते पंधराव्या-सोळाव्या शतकाच्या सुमाराचे असावे. त्यात मणी आणि मल्ल या दैत्यांच्या वधासाठी शिव हळदीच्या तेजाचे मार्तंडभैरवरूप घेतो. हे रूप खंडोबासाठीच घडवले गेले असे मात्र नाही. शारदातिलक या तंत्रग्रंथात मार्तंडभैरवाचे ध्यान, म्हणजे रूपवर्णन, आहे, आणि बंगालमध्ये सुमारे बाराव्या शतकातील तशी मूर्तीही मिळाली आहे. म्हणजे सूर्य आणि शिव यांचे हे मिश्रदैवत आधीच अस्तित्वात होते. मैलार किंवा मैराळ या लोकदेवाला, म्हणजे खंडोबाला, संस्कृत परंपरेत आणताना ते हाताशी आले, असे म्हणणे सयुक्तिक ठरते. रविवार हा खंडोबाचा वार, घोडा हे वाहन आणि भंडाऱ्याचा पिवळा रंग या गोष्टी सूर्याकडे बोट दाखवतात. त्यांतल्या किती मूळच्या आणि किती या नावामागून आल्या, याविषयी एकमत नाही.

जेजुरीच्या देवसंस्थानाच्या नावात मार्तंड आहे आणि ‘जय देव जय देव जय शिव मार्तंडा’ हे आरतीचे ध्रुवपद घरोघरी पाठ आहे. तरीही खंडोबा कुलदैवत असलेल्या घरांत मुलांची नावे ठेवली गेली ती मल्हारी, मल्हार, खंडू, खंडेराव, म्हाळसाकांत ही. मार्तंड मागे राहिले. तळी उचलताना होणारा गजर ‘येळकोट येळकोट जय मल्हार’ असा आहे. तोंडात बसलेले नाव तेच. होळकर घराण्यातही मल्हारराव आणि खंडेराव पुन्हा पुन्हा येतात, तर मार्तंडराव हा इंदूरच्या गादीवर 1834 च्या सुमारास अल्पकाळ आलेला दत्तक बालराजा. अलीकडे मल्हार हे नाव शहरी घरांत पुन्हा आवडीचे झाले. त्याला रागाच्या नावाचीही साथ मिळाली. तशी साथ मार्तंडाला नाही.

दुसरे कारण शब्दाच्या मराठीतल्या वापरात आहे. मार्तंड हे विद्वत्तेच्या तेजाचे उपपद होते. भोजाची योगसूत्रांवरील वृत्ती राजमार्तंड, देवगिरीच्या उत्तरेस टापर गावी नारायण दैवज्ञाने शके 1493 मध्ये रचलेला ग्रंथ मुहूर्तमार्तंड, कलकत्त्यात 1826 मध्ये निघालेले पहिले हिंदी वृत्तपत्र उदन्त मार्तण्ड. संगीतमार्तंड ही पदवी आजही मानाने लावतात. परंतु ‘धर्ममार्तंड’ हा शब्द सुधारणेच्या वादांत कर्मठांना उद्देशून इतका वापरला गेला, की मराठी कानाला मार्तंड म्हणताच सोवळ्यातला अधिकारी आठवतो. एका सुंदर नावाचे यात खरेच नुकसान झाले आहे.

मूल दगावलेल्या घरात पुढचे जगावे म्हणून धोंडू, दगडू, भिकू, केरू अशी नावे ठेवण्याची रीत होती. मेलेल्या अंड्यातून वाचलेल्या देवाचे नाव या प्रसंगाला अर्थाने जवळचे होते, पण त्या रीतीत ते शिरलेले दिसत नाही. दृष्ट चुकवण्यासाठी क्षुद्र नाव हवे असे, आणि हे तर सूर्याचे.

महाराष्ट्राबाहेर त्रावणकोरचा अनिळम तिरुनाळ मार्तंड वर्मा (1706–1758) हा या नावाचा सर्वांत प्रसिद्ध धारक. 1741 मध्ये कोळच्चल येथे त्याने डचांचा पराभव केला. पुढे त्या घराण्यात हे नाव चालू राहिले. रीवा संस्थानचे मार्तंड सिंह यांनी 1951 मध्ये ‘मोहन’ हा पांढरा वाघाचा बछडा पकडला होता.

पंचांगातील अवकहडा चक्राप्रमाणे (नक्षत्रचरणांना नामाक्षरे देणारे कोष्टक) ‘मा’ हे अक्षर मघा नक्षत्राच्या पहिल्या चरणाचे. त्याची रास सिंह आणि राशीचा स्वामी रवी. त्यामुळे जन्माक्षरावरून नाव ठेवणाऱ्यांसाठी अक्षर आणि अर्थ येथे एकाच देवतेशी जुळतात. हाक मारताना नाव बहुधा ‘मार्तंडा’ किंवा ‘मार्तंडराव’ असे पूर्णच राहते.