बँड टिकणं वेगळं आणि बँडने रेकॉर्ड काढत राहणं वेगळं

कुणी म्हणालं की "रोलिंग स्टोन्स साठ वर्षं चालतायत" तर मला लगेच विचारावंसं वाटतं, स्टेजवर की स्टुडिओत? कारण आपण दोन्ही एकच धरून चालतो आणि ते एक नाहीच. स्टोन्स हा इंग्लंडचा रॉक बँड, १९६२ ला सुरू झाले, टूर्स आजवर होत आल्या, २००३ मध्ये आपल्या मुंबईत ब्रेबॉर्नवर पण वाजवून गेले. पण स्वतःच्या नवीन गाण्यांचा अल्बम बघायला गेलात तर २००५ नंतर थेट २०२३! मधे २०१६ ला एक आला तो दुसऱ्यांच्या जुन्या ब्लूज गाण्यांचा. म्हणजे १८ वर्षं बँड जोरात, स्टेडियम भरतायत आणि एखाददुसरं सिंगल सोडलं तर नवीन काही नाही.

आता याच्या बरोब्बर उलट, इंग्लंडमधल्या स्विंडनचा एक्सटीसी. त्यांचा गायक आणि गीतकार अँडी पार्ट्रिज, त्याला स्टेजची इतकी धास्ती बसली की १९८२ ला टूरिंग बंद ते बंदच, आणि त्यानंतर हा बँड २००० पर्यंत रेकॉर्ड काढत राहिला. इथेही १८च वर्षं. कॉन्सर्टला जाणाऱ्यासाठी हा बँड ८२ लाच संपला, माझ्यासाठी त्यांचं सगळ्यात भारी काम त्यानंतरचं आहे.

टूरला जुनी गाणी पुरतात, लोक येतातच ती ऐकायला, आणि कुणी बँड सोडून गेलं तर त्याच्या जागी दुसरा वाजवतो. रेकॉर्डला मात्र नवीन गाणी सुचावी लागतात आणि कुठलं ठेवायचं कुठलं टाकायचं यावर पन्नास वर्षं एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांचं एकमत व्हावं लागतं, जे फार अवघड. त्यात पैशाचं गणित पण फिरलंय. पूर्वी रेकॉर्ड खपावी म्हणून टूर करायचे, आता स्ट्रीमिंगमधून फार येत नाही, कमाई तिकिटांवर. म्हणून डीप पर्पल या जुन्या ब्रिटिश रॉक बँडबद्दल मला खूप आदर आहे, २०१३ ते २०२४ मध्ये पाच स्टुडिओ अल्बम, त्यातला एकच दुसऱ्यांच्या गाण्यांचा.

आणि रेकॉर्डमध्ये एक गोष्ट होते जी स्टेजवर होऊच शकत नाही. स्टोन्सचा ड्रमर चार्ली वॉट्स ऑगस्ट २०२१ मध्ये वारला, तरी स्टोन्सच्या २०२३ च्या अल्बममधल्या दोन गाण्यांत ड्रम्स त्याचेच आहेत, आधी रेकॉर्ड करून ठेवलेले, आणि त्यातल्या एकावर बास वाजवलाय बिल वायमनने, जो तीसेक वर्षांपूर्वी बँड सोडून गेला होता. ते गाणं मी हेडफोन लावून ऐकलं तेव्हा खरंच भरून आलं.

आपल्या मुंबईचा रॉक बँड इंडस क्रीड पण असाच, नवीन रेकॉर्ड काढणारा बघा. १९८४ ला रॉक मशीन नावाने सुरू, १९९७ ला थांबले, २०१० ला परत एकत्र. जुनी गाणी वाजवून सहज भागलं असतं, पण त्यांनी २०१२ ला इव्हॉल्व्ह काढला, १९९५ च्या अल्बमनंतर १७ वर्षांनी, नव्या गाण्यांचा.