मिरज जंक्शन
मिरज : सांगली जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण आणि दक्षिण महाराष्ट्रातील महत्त्वाचे रेल्वे जंक्शन. कृष्णेच्या खोऱ्यात, सांगलीपासून जेमतेम १० किमी. १९९८ पासून सांगली, मिरज आणि कुपवाड यांची मिळून एकच महानगरपालिका आहे. पण म्हणून मिरजकर स्वतःला सांगलीकर म्हणवून घेईल, असे कोणी समजू नये.

आदिलशाहीत मिरजेचा किल्ला मोक्याचा होता. पुढे गाव पटवर्धनांकडे आले. १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांनी वेगळे होऊन सांगली वसवली आणि मिरजेची गादी निराळी राहिली. १९४८ मध्ये संस्थान विलीन झाले.

गावाचा तोंडवळा बदलला तो रेल्वेने. सदर्न मराठा रेल्वेचा पुणे-लोंढा मीटरगेज मार्ग १८८० च्या दशकात इकडून टाकला गेला आणि १८९१ मध्ये कोल्हापूरचा फाटा सुरू झाला. १९२७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज गाडी कुर्डुवाडी-पंढरपूरकडून मिरजेला येऊन थांबली. या छोट्या गाडीच्या रुळांमधले अंतर ७६२ मिमी, म्हणजे अडीच फूट. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला पुण्याकडून ब्रॉडगेज आले, तेव्हा तिन्ही मापांचे रूळ एकाच स्थानकात नांदू लागले. अशा जागी गाडी बदलण्यावाचून गत्यंतर नसते. पंढरपूरच्या वारकऱ्याने वळकटी घेऊन फलाट बदलायचा आणि हमालाने मालगाडीच्या एका वाघिणीतली (डब्यातली) पोती दुसरीत टाकायची. पुढे टप्प्याटप्प्याने सगळे ब्रॉडगेज झाले. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळी लातूरला पाणी नेणारी गाडी इथूनच सुटली. पहिल्या खेपेला १० टँकर-वाघिणी, सुमारे ५ लाख लिटर पाणी. ती पंढरपूर-कुर्डुवाडीवरून गेली, म्हणजे बार्शी लाइटच्याच जुन्या वाटेने.

मिरजेची ख्याती सांगताना 'आधी दवाखाना, मग गाणे' हा क्रम बरा, कारण पुष्कळदा माणसे दवाखान्यासाठी आली आणि गाण्यात रमली. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभारले. सांगली-मिरज रस्त्यावरची वानलेसवाडी त्यांच्याच नावाची. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) कुरुंदवाडचे. लहानपणी फटाक्याने डोळे अधू झाले, उपचारांसाठी मिरजेला आणले आणि संस्थानिकांच्या आश्रयाने ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले. १९०१ मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. शेवट मात्र मिरजेतच झाला. पटवर्धनांच्या दफ्तरातील कागद वाचून काढून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' प्रसिद्ध करणारे वासुदेवशास्त्री खरे इथे शाळेत शिक्षक होते. गायिका हिराबाई बडोदेकरांचा जन्मही मिरजेचा.

गाण्याइतकीच तंबोऱ्यांची कीर्ती. एकोणिसाव्या शतकात संस्थानिकांची शस्त्रे मागे पडू लागली, तसे शिकलगार घराण्यातील कारागीर तलवारी पाजळायचे सोडून वाद्यांकडे वळले. वाळलेला भोपळा भिजवून कापायचा, त्याला लाकडी गळा आणि दांडी जोडायची. खरी कसोटी जवारीची, म्हणजे तारेला झंकार आणण्याची. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा कानशीने इतका हलका घासायचा, की तार त्याला लागेल-न लागेल अशी झंकारावी. चार घासे जास्त झाले तर स्वर बसका होतो. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत, कान लावून, तो नेमका बिंदू शोधत बसायचे. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) यांचे जन्मगाव उत्तरेतले कैराना, पण घर मिरज. प्लेगने आजारी असताना ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांना गुण आला, अशी आख्यायिका सांगतात. वाद्याची दुरुस्तीही ते स्वतःच्या हाताने करत. ऑक्टोबर १९३७ मध्ये मद्रासहून पाँडिचेरीला जाताना गाडीत छातीत दुखू लागले म्हणून ते सिंगपेरुमाळकोइल स्थानकावर उतरले आणि तिथल्या फलाटावरच त्यांनी देह ठेवला. त्यांना मिरजेला आणून दर्ग्याच्या आवारात दफन केले. दरवर्षी उरुसात तिथे त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा होते. सुरुवातीची हजेरी, म्हणजे गाण्यावाजवण्याची सेवा, चिंचेच्या झाडाखाली.