फटीतला वारा आणि धातूची पट्टी

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेकडून थंड वारे उतरू लागले की, नाशिक जिल्ह्यातल्या थंडीची बातमी निफाडच्या पाऱ्यावरून ठरते. तिथे पारा पाच अंशांच्या खाली गेला की द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटतात. नाशिक शहरात थंडी त्या मानाने कमी असते, पण समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंचीवरच्या या गावात पहाटे आठ-दहा अंश तापमान नवलाचे नाही. आपल्याकडे घर गरम करण्याची सोय बहुधा नसतेच. भिंतींनी दिवसभर साठवलेली ऊब आणि घरातल्या माणसांच्या अंगची ऊब, एवढ्यावरच रात्र निभावते. म्हणूनच खिडकीच्या पल्ल्याभोवतीची बारीक फट इथे जितकी जाणवते तितकी ती दिसत मात्र नाही.

या फटीचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. चार फूट रुंद आणि चार फूट उंच अशी दोन पल्ल्यांची लाकडी खिडकी घेतली, तर चौकटीच्या चारही बाजू आणि दोन पल्ले जिथे भेटतात ती मधली उभी रेघ मिळून फटीची लांबी सुमारे सहा मीटर भरते. फट सरासरी दोन मिलिमीटर रुंद असेल, आणि जुन्या खिडकीत तेवढी सहज असते, तर एकूण उघडे क्षेत्रफळ १२० चौरस सेंटिमीटर होते, म्हणजे हाताच्या पंजाएवढे भोक भिंतीत कायम उघडे ठेवल्यासारखे. असे भोक दिसले तर कोणीही ते त्याच दिवशी बुजवील. तेच क्षेत्रफळ सहा मीटरभर पसरले की वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही.

या फटीतून हवा ढकलणारी मुख्य शक्ती वाऱ्याची. ताशी १४-१५ किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला चार मीटरचा वारा भिंतीवर आदळला की त्याची गती थांबून तिचे दाबात रूपांतर होते आणि हा दाब सुमारे ९ पास्कल भरतो. वातावरणाच्या एकूण दाबापुढे तो नगण्य आहे. पण हवा आत शिरायला दाबातला एवढा फरक पुरतो, मात्र तिला दुसऱ्या बाजूने बाहेर पडायला वाट हवी. समोरच्या भिंतीतली खिडकी तितकीच फटींची असेल, तर निम्मा दाब आत येताना खर्ची पडतो आणि निम्मा बाहेर जाताना. वारा पडलेला असतानाही दुमजली रो-हाऊसमध्ये हवा खेळत राहते, कारण घरातली उबदार हवा हलकी असते. ती जिन्यावाटे वर चढून वरच्या मजल्याच्या फटींतून निसटते आणि तिची जागा घ्यायला खालच्या दारांखालून गार हवा आत ओढली जाते. घराची उंची सहा मीटर आणि आत-बाहेरच्या तापमानातला फरक दहा अंशांचा असेल, तर या ओढीचा दाब दोन-अडीच पास्कल होतो.

आपल्या खिडकीला हे आकडे लावले तर तिच्यातून ताशी सुमारे पन्नास घनमीटर हवा आत येते. दहा फूट बाय बारा फूट आणि दहा फूट उंच अशा खोलीत सगळी मिळून ३४ घनमीटर हवा असते, म्हणजे तासाभरात खोलीतली सारी हवा दीड वेळा बदलली जाते. आत-बाहेर दहा अंशांचा फरक असेल, तर या हवेबरोबर ताशी जी ऊब निघून जाते तिचा वेग सुमारे १६० वॉट भरतो. निवांत बसलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरातून साधारण १०० वॉट उष्णता बाहेर पडते, हे लक्षात घेतले की एकटा माणूस अशी खोली ऊबदार का ठेवू शकत नाही ते कळते.

आता या साऱ्या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची, आणि माझ्या मते सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट. फट निम्मी केली तर आत येणारी हवाही निम्मी होईल, असे आपण सहज धरून चालतो. रुंद फटीच्या बाबतीत ते ढोबळमानाने खरेही आहे. पण फट अरुंद होत गेली की हवेची चिकटी आपला प्रभाव दाखवू लागते. हवेचा जो थर लाकडाला लागून असतो तो जागचा हलत नाही, त्याच्या शेजारचा थर जेमतेम सरकतो, आणि दोन्ही बाजूंचे हे मंदावलेले थर एकमेकांच्या इतके जवळ येतात की मध्ये मोकळेपणाने वाहायला हवेला जागाच उरत नाही. अशा अरुंद फटीत प्रवाह रुंदीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो: रुंदी निम्मी झाली की प्रवाह एक अष्टमांशावर येतो. चार सेंटिमीटर जाड पल्ल्याभोवतीची दोन मिलिमीटरची फट अर्ध्या मिलिमीटरवर आणली, तर हिशेबाप्रमाणे ताशी पन्नास घनमीटरऐवजी दीड घनमीटरसुद्धा हवा आत येत नाही. फट राहिली चौथा हिस्सा, वारा राहिला पस्तिसावा. (दोन मिलिमीटरची फट अजून पुरती अरुंद नसते, म्हणून घनाच्या हिशेबाने येणारा चौसष्टावा हिस्सा इथे होत नाही.) म्हणजे वारा अडवण्यासाठी खिडकी बरणीच्या झाकणासारखी हवाबंद करण्याची गरज नसते. फट सर्वत्र आणि सर्व ऋतूंत पुरेशी अरुंद राहिली की काम भागते.

'सर्व ऋतूंत' ही अट आपल्या हवेत फार कठीण आहे. लाकूड हवेतली वाफ शोषते आणि सोडते. नाशिकला जुलै-ऑगस्टमध्ये हवा ओलीचिंब असते, तर मार्च-एप्रिलच्या दुपारी सापेक्ष आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर येते. लाकडाची लांबी यामुळे जवळजवळ बदलत नाही, पण आडव्या दिशेने, म्हणजे रुंदीत, ते फुगते आणि आक्रसते. साग या बाबतीत इतर लाकडांपेक्षा बराच शहाणा आहे. तरीही आठ-आठ सेंटिमीटर रुंदीच्या दोन उभ्या पट्ट्यांच्या सागवानी पल्ल्याची रुंदी भर पावसाळा आणि कडक उन्हाळा यांच्यात दीड मिलिमीटरच्या आसपास बदलू शकते. पावसाळ्यात दार घासते म्हणून सुताराला बोलावून रंधा मारून घेतला की हिवाळ्यात तीच बाजू फटीची होते, हा अनुभव घरोघरचा आहे. मला तर पावसाळ्यात मारलेला रंधा हेच हिवाळ्यातल्या निम्म्या फटींचे मूळ वाटते.

फटीत कापडाच्या चिंध्या कोंबणे किंवा कागद चिकटवणे हे उपाय या हालचालीपुढे टिकत नाहीत. स्पंजची चिकटपट्टी स्वस्त असते आणि पहिल्या हिवाळ्यात चांगले काम देते, पण सतत दाबून राहिलेला स्पंज हळूहळू दाबलेलाच राहतो, आणि उन्हाने तो भुसभुशीत होतो. फटीत हवी असते अशी वस्तू, जी दाबली की दबेल, सोडली की परत उभी राहील आणि हे वर्षानुवर्षे करत राहील. दुसऱ्या शब्दांत, सहा मीटर लांबीची एक अतिशय मऊ स्प्रिंग. थंड हवामानाच्या देशांत, विशेषतः अमेरिकेत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून याच कामासाठी जस्त, पितळ आणि ब्राँझ यांच्या पट्ट्या वापरात आल्या, आणि तिथल्या जुन्या घरांत अनेक दशकांपूर्वी ठोकलेल्या पट्ट्या आजही काम देताना आढळतात.

यांतली सर्वांत उपयोगी पट्टी फॉस्फर ब्राँझची. तांब्यात पाच ते आठ टक्के कथील आणि अत्यल्प फॉस्फरस मिसळून हा मिश्रधातू होतो. तो तापवून मऊ केला तर वाकवल्यावर वाकलेलाच राहतो. पण थंड असतानाच रुळांमधून दाबून पातळ केला की त्याला स्प्रिंगचा गुण येतो. धातूच्या स्फटिकांत अणूंच्या ओळी जिथे चुकलेल्या असतात तिथूनच धातू सरकतो. थंड दाबकामाने अशा चुकांची संख्या इतकी वाढते की त्या एकमेकींत अडकतात आणि सरकणे अवघड होऊन बसते. जुन्या नाशकातल्या तांबट लेनमध्ये तांब्याचा हंडा घडवताना शेवटी तो ठोके देऊन मठारतात, त्यामागेही हेच शास्त्र आहे: ठोक्यांच्या नक्षीने हंडा देखणा होतोच, पण पातळ पत्र्याला त्याचा कणखरपणाही त्या ठोक्यांनीच येतो. पट्टीच्या बाबतीत जाडीही महत्त्वाची. पत्रा जितका पातळ, तितका तो वाकवल्यावर त्याच्या पृष्ठभागावर पडणारा ताण कमी. म्हणून या पट्ट्या मिलिमीटरच्या पाचव्या भागाइतक्या पातळ असतात आणि हजारो वेळा दबूनही मूळ आकारात येतात.

पितळेची पट्टी स्वस्त पडते, पण पितळेचा एक जुना दोष हिंदुस्थानातच उघडकीस आला. ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या तबेल्यांजवळ ठेवली की आपोआप तडकत. घडणीच्या वेळी पितळेत राहिलेला ताण, दमट हवा आणि घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया या तिन्हींच्या संगनमताने हे घडते, याचा नीट उलगडा १९२१ साली झाला. दाबलेली पट्टी ही सदैव ताणाखाली असलेलीच वस्तू आहे. गोठ्याला लागून असलेल्या घरात, किंवा जिथे अमोनियायुक्त द्रावणाने काचा पुसल्या जातात तिथे, पितळेपेक्षा ब्राँझ किंवा स्टेनलेस स्टील बरे.

पट्टी बसवण्याचे काम सुतारकामात फार मोठे नाही, पण त्यातली एक गोष्ट चुकली की सगळेच फसते. पल्ला मिटल्यावर त्याची कड चौकटीच्या ज्या आतल्या बाजूला सामोरी येते, त्या बाजूवर ही पट्टी उभी लावतात. तिची एक कड बारीक चुकांनी, म्हणजे छोट्या खिळ्यांनी, ठोकलेली असते आणि दुसरी मोकळी, किंचित उचललेली. ठोकलेली कड नेहमी पल्ला मिटताना ज्या बाजूकडून येतो त्या बाजूला हवी. म्हणजे पल्ला आधी ठोकलेल्या कडेवरून सरकतो आणि मग मोकळी कड हलकेच दाबत जातो. उलट लावली तर पल्ला मोकळ्या कडेतच अडकतो आणि पट्टी मुरगळून टाकतो. चुका तीन-चार सेंटिमीटरवर एक अशा जवळजवळ मारतात, नाहीतर दोन चुकांच्या मध्ये पट्टी फुगते आणि तिच्या खालूनच वारा येतो. सगळी पट्टी ठोकून झाली की बोथट सुरीचे टोक मोकळ्या कडेखालून एकसारखे फिरवून ती कड आणखी थोडी उचलतात. मग दार लावताना शेवटच्या बोटभर अंतरात हाताला हलका प्रतिकार जाणवतो आणि पट्टीचा कुरकुरता आवाज येतो. हा प्रतिकार वरपासून खालपर्यंत सारखा असेल तर काम ठीक झाले असे समजावे. चुका पितळी किंवा तांब्याच्याच घ्याव्यात. ब्राँझला टेकलेल्या लोखंडी चुका नाशिकच्या एका पावसाळ्यातच गंजू लागतात, कारण दोन धातू आणि मध्ये ओल अशी जोडी जमली की दोहोंतला अधिक क्रियाशील धातू झिजतो. ॲल्युमिनियमच्या चौकटीला ब्राँझ थेट लावू नये तेही याच कारणाने. तिथे झीज चौकटीची होते.

एकमेकांत अडकणाऱ्या दोन आकड्यांचीही एक पद्धत आहे: एक वळवलेला पत्रा चौकटीला, दुसरा पल्ल्याला, आणि दार मिटले की एक दुसऱ्यात शिरतो. वाऱ्याला तिथे नागमोडी, अरुंद वाट मिळते आणि अडवणूक उत्तम होते. पण लाकूड फुगून पल्ला जरा जरी सरकला की हे आकडे एकमेकांवर आपटतात, त्यामुळे आपल्या पावसाळ्यात मी तरी ही पद्धत सुचवणार नाही.

पट्टी कुठे लावायची हे ठरवण्यासाठी उदबत्ती पुरते. वारा सुटलेल्या रात्री पंखे बंद करून पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने सावकाश फिरवली, तर धूर जिथे एकदम आडवा होतो तिथे फट आहे. बिजागऱ्या सैल होऊन पल्ला झुकलेला असेल, तर कडीच्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यात बहुधा हे घडते, आणि अशा वेळी पट्टीआधी बिजागरीचे स्क्रू आवळणे हा खरा उपाय. पुष्कळदा धूर पल्ल्याशी हलत नाही, तर चौकट आणि भिंत यांच्या सांध्याशी हलतो. गिलाव्याला गेलेल्या त्या भेगेत धातूची पट्टी काही करू शकत नाही. ती भेग सीलंटने किंवा गिलाव्याने भरून घ्यावी लागते. सरकत्या ॲल्युमिनियम खिडक्यांत लोकरीसारख्या मऊ केसांची पट्टी मुळातच असते. धुळीने ती चपटी झाली की बदलायची, एवढेच. दाराखालच्या फटीला, विशेषतः जिथे उंबरठाच ठेवलेला नाही अशा नव्या सदनिकांत, ॲल्युमिनियमच्या पट्टीत बसवलेला रबर किंवा ब्रश अधिक सोयीचा पडतो, कारण तिथे धातू फरशीवर घासत राहील.

नाशिकमध्ये या पट्टीचा लाभ थंडीपुरता नाही. जो वारा हिवाळ्यात गारठा आणतो तोच एरवी रस्त्यावरची धूळ आणि गाड्यांचा आवाज आत आणतो, आणि एप्रिलमध्ये वातानुकूलन यंत्राने थंड केलेली हवा त्याच फटींतून निघून जाते.

दोन जागा मात्र यातून वगळल्याच पाहिजेत: स्वयंपाकघर आणि गॅस गीझर असलेले न्हाणीघर. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला बारा-तेरा घनमीटर हवा लागते, आणि मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा गीझर तासाला जवळजवळ तेवढा गॅस जाळतो. आठ घनमीटरच्या लहानशा न्हाणीघरात पंधरा मिनिटांची आंघोळ म्हणजे तीन घनमीटर हवेतला प्राणवायू संपणे, आणि तो कमी पडू लागला की ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडू लागते. या वायूला रंग नाही, वास नाही, आणि दरवर्षी थंडीच्या दिवसांत बंद न्हाणीघरांतल्या अपघातांच्या बातम्या येत असतात. अशा खोलीत गीझर मुळात नसावाच. तो बाहेरच्या मोकळ्या गच्चीवर किंवा सज्जात लावून फक्त गरम पाण्याचा नळ आत आणावा. तसे होईपर्यंत त्या दाराखालची फट आणि वरची झरोक्याची जाळी उघडीच ठेवावी, मग कितीही गार वारा आत येवो.