नवा क्लच ‘जाळून’ बसवायचा नसतो

‘नवा परफॉर्मन्स क्लच टाकलाय? दोन-चार कडक लाँच मारा, जळका वास आला की प्लेट बसली.’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. (लाँच म्हणजे आरपीएम चढवून, क्लच झटक्यात सोडून उभी गाडी पळवणं.) त्यातलं निरीक्षण खरं आहे: नवी प्लेट पहिल्या दिवशी पूर्ण पकडत नाही. उपाय मात्र चुकीचा आहे.

नवी प्लेट आणि फ्लायव्हील (इंजिनासोबत फिरणारी जड चकती, जिच्यावर प्लेट दाबली जाते) सुरुवातीला फक्त उंचवट्यांवर टेकतात. क्लच सोडताना दर वेळी थोडं घासलं जातं आणि संपर्क वाढतो. त्याआधीच लाँच मारला तर सगळी उष्णता त्या मोजक्या जागांवर एकवटते. ऑरगॅनिक लायनिंग (प्लेटवरचा, रेझिननं बांधलेल्या तंतूंचा घर्षणाचा थर) काचेसारखं गुळगुळीत होतं, फ्लायव्हीलवर निळसर डाग पडतात, मग गाडी उचलताना थरथरते. तो वास लायनिंगमधलं रेझिन जळल्याचा असतो.

म्हणून अनेक उत्पादक साधारण 800 किलोमीटर शहरातच, शांतपणे चालवायला सांगतात. हायवेचे किलोमीटर यात धरू नका. टॉप गिअरमध्ये एकसारखं चालताना क्लच घासतच नाही.

नंतर स्वतः तपासा. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी आरपीएमला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उसळला पण वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरतोय.

रोज सिग्नलला थांबणाऱ्या गाडीला मी तरी ऑरगॅनिकच सुचवेन. सिरॅमिक ‘पक’वाली प्लेट (सलग थराऐवजी सिरॅमिकचे सुटे तुकडे असलेली) उष्णता जास्त सोसते, पण झटक्यानं पकडते. आणि जुना फ्लायव्हील टर्निंग (लेथवर पृष्ठभाग सपाट) करून घेतल्याशिवाय नवी प्लेट चढवू देऊ नका.