खाटेजवळचा पाद्री: गोव्यातल्या एका भीतीची पार्श्वभूमी

गोमेकॉच्या, म्हणजे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजच्या वॉर्डात पांढऱ्या झग्यातला पाद्री शिरला की काही नातेवाइकांचे चेहरे अजूनही उतरतात. 'एवढं झालं का?' हे कुणी तोंडाने विचारत नाही, इतकंच. या भीतीमागे भोळेपणा नाही, आठशे वर्षांपूर्वीचा एक नियम आहे.

1215 मध्ये रोमच्या धर्मपरिषदेने वैद्यांना बजावलं की रोग्याकडे गेलात की आधी पाद्री बोलवायला सांगा, औषध नंतर. कारण मोठं गमतीचं दिलं होतं. दुखणं बळावल्यावर हे सांगितलं तर रोगी धीर सोडतो, म्हणून सुरुवातीलाच सांगा. म्हणजे भीती तेव्हाही होतीच. 1566 मध्ये पोपने त्यावर कडी केली: तीन दिवसांत कुमसार (पाद्रीपुढे पापांची कबुली) झाला नाही, तर वैद्याने त्या घरची पायरी चढू नये.

जुन्या गोव्यातलं राजाचं इस्पितळ याच काळातलं, 1510 चं. (आपला 'इस्पितळ' हा शब्दही पोर्तुगिजांचाच.) 1542 मध्ये 'गोंयचो सायब', म्हणजे संत फ्रान्सिस झेवियर, इथे उतरला तो इस्पितळातच, आणि रोग्यांच्या उशाशी बसू लागला. ते इस्पितळ मुख्यतः गोऱ्या शिपायांचं. गावकऱ्यांना वैद्य होते. ख्रिस्ती माणसाने हिंदू वैद्य बोलावू नये असा ठराव 1567 मध्ये झाला, पण राज्यकर्ते स्वतःच ते बोलावत राहिले.

खरा घोळ आहे तो तेलाचा. बायबलमध्ये आजाऱ्याला तेल लावायला सांगितलंय ते तो उठून बसावा म्हणून. मध्ययुगात ते सरकत सरकत मरणखाटेपर्यंत गेलं आणि त्याला 'एक्स्त्रेम उंसांव', म्हणजे 'शेवटचं तैलाभ्यंग', हे नाव पडलं. बाप्तिस्म्यापासून सुरू होणाऱ्या तैलाभ्यंगांतलं शेवटचं, असाही त्याचा एक अर्थ सांगतात. घरोघरी मात्र 'शेवटच्या घटकेचं' असाच घेतला गेला. मग शहाणे नातेवाईक काय करणार? रोगी शुद्धीवर असेपर्यंत पाद्रीला दाराबाहेर ठेवणार. ज्याच्या धीरासाठी हा विधी, त्यालाच तो कळू नये!

1963 मध्ये व्हॅटिकनच्या परिषदेने नाव बदललं: 'आजाऱ्यांचं तैलाभ्यंग'. 1972 च्या नव्या विधीने कामही बदललं. पूर्वी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय असं सगळीकडे तेल लावत; आता कपाळ आणि हात. गंभीर आजार, मोठी शस्त्रक्रिया, थकलेलं म्हातारपण, यांत कधीही चालतं आणि पुन्हा घेताही येतं. माझ्या मते गोव्यात रुग्णालयातल्या पाद्रीच्या कामाचा खरा आरंभ इथे धरावा, 1510 ला नव्हे. त्याआधी तो निरोप द्यायला येई. भेटायला येणं इथून सुरू झालं. नाव बदलूनही जुनी धास्ती गेलेली नाही, ही वेगळी गोष्ट.

रोग्याचं ऐकून घेण्याचं पाद्रींना प्रशिक्षण, ही त्याहून वेगळी वाट. 1925 मध्ये अमेरिकेतल्या एका मनोरुग्णालयात, स्वतः कधीकाळी मनोरुग्ण म्हणून राहिलेल्या एका पाद्रीने चार विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू केली. प्रवचन नको, रोगीच पुस्तक समजून वाचा, असा त्याचा आग्रह. पुढे हॉस्पिसची, म्हणजे बरं न होणाऱ्या रोग्यांच्या शुश्रूषागृहांची, चळवळ आली. भारतातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत 1986 मध्ये निघालं, आणि त्याच संस्थेचं घर आज गोव्यात लोटलीला आहे. तिथे रोग्याचा धर्म विचारून खाट मिळत नाही.

मराठीत मात्र रोग्याजवळ बसून ऐकणाऱ्या या माणसाला नावच नाही. गोव्यात 'कापेलांव' म्हटलं की वाड्यावरच्या कपेलाचा (छोट्या प्रार्थनाघराचा) पाद्री डोळ्यांपुढे येतो. 'समुपदेशक' म्हणावं तर देव गळतो; 'धर्मगुरू' म्हणावं तर सावंतवाडीहून गोमेकॉत आलेली आजी हात जोडून गप्प होते. शस्त्रक्रियेआधी तिच्या घरच्यांनी देवीला गाऱ्हाणं घालून कौल घेतलेला असतो, शेवटी लागलंच तर पिशवीत गंगाजल असतं, आणि बांबोळीच्या फुलांच्या खुरसाला (क्रुसाला) मेणबत्तीही लावून झालेली असते. एवढं सगळं रुग्णालयाबाहेर उरकून ती आत येते. आत तिच्याशी बसून बोलायला जो येईल त्याने पुरोहित असू नये, डॉक्टरही असू नये. त्या पदाला सरकारी मराठीत काय लिहायचं, यावर अडून बसणारे पुष्कळ. तोवर खाटेजवळची खुर्ची बहुधा एखादी नन नाहीतर शेजारच्या रोग्याची सून सांभाळते.