रनिंग बॅकची कारकीर्द

अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅककडून, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या किंवा सोपवणाऱ्या सूत्रधाराकडून, चेंडू घेऊन तो पळत पुढे नेणारा खेळाडू म्हणजे रनिंग बॅक. चेंडू घेऊन पळण्याच्या प्रत्येक खेपेला 'कॅरी' म्हणतात. चार प्रयत्नांत १० यार्ड गाठता आले तरच चेंडू संघाकडे राहतो, म्हणून एका कॅरीत चार यार्ड मिळाले की काम चोख झाले. या जागेवरचे आयुष्य वर्षांपेक्षा कॅरींच्या संख्येने मोजणे अधिक खरे, कारण बहुतेक कॅरी कोणीतरी अंगावर येऊनच संपते.

चेंडू घेताना क्वार्टरबॅकच्या बाजूचे कोपर वर आणि दुसरा हात पोटाशी आडवा ठेवून खोबण करायची. क्वार्टरबॅक चेंडू तिथे बसवतो. नजर चेंडूवर नको, समोरच्या खेळाडूंमधल्या फटीवर हवी. मग चेंडूचे टोक बोटांनी झाकून त्याचा मागचा भाग काखेशी दाबायचा आणि बचावपटूपासून दूरच्या हातात धरायचा. कोपर शरीरापासून सुटले की चेंडू निसटतो. एक-दोनदा असे झाले की प्रशिक्षक त्या खेळाडूला बाकावर बसवतात. नवख्यांना सर्वांत जड जाते ते मात्र पळणे नव्हे. पासच्या वेळी क्वार्टरबॅकवर चालून येणारा गडी आधीच ओळखून त्याला अडवावे लागते. हे जमेपर्यंत पूर्ण सामना वाट्याला येत नाही.

दिशा बदलताना पाय जमिनीत रुततो, गुडघा पिळला जातो आणि त्यातला अस्थिबंध, म्हणजे हाडे जोडून ठेवणारा पट्टा, तुटू शकतो. टेरेल डेव्हिसने १९९८ मध्ये २,००८ यार्ड काढले. पुढच्याच हंगामात गुडघा गेला आणि त्याचा खेळ पूर्वपदावर आला नाही. उलट एड्रियन पीटरसनचा अस्थिबंध डिसेंबर २०११ मध्ये तुटला, तरी २०१२ च्या हंगामात त्याने २,०९७ यार्ड पळून सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. असे क्वचितच घडते.

पैशाचे गणितही शरीराच्या विरोधात जाते. एनएफएल या व्यावसायिक लीगच्या २०११ च्या कामगार करारानुसार ड्राफ्टमधून, म्हणजे संघांनी पाळीपाळीने केलेल्या नवोदितांच्या निवडीतून, आलेल्या खेळाडूचा पहिला करार चार वर्षांचा असतो. मोठ्या रकमेची वेळ येईपर्यंत उमेदीच्या कॅरी खर्ची पडलेल्या असतात, आणि संघ स्वस्तात नवा तरुण आणू शकतात. २०२४ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक निवडला गेला नाही. त्याच हंगामात साक्वॉन बार्कलीने २,००५ यार्ड काढले आणि त्याचा ईगल्स संघ सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकला.

टिकून राहण्याचे सर्वोत्तम उदाहरण एमिट स्मिथचे. १९९० मध्ये १७ व्या क्रमांकावर निवडलेला, ५ फूट ९ इंचांचा हा खेळाडू वेगासाठी ओळखला जात नसे. फट उघडेपर्यंत धीर धरणे आणि धक्का बसतानाही पुढे झुकणे ही त्याची ताकद. पुढे वाट मोकळी करणाऱ्या डॅरिल जॉन्स्टनचा वाटाही मोठा. १९९३ मध्ये करारावरून स्मिथ बाहेर बसला, तेव्हा त्याचा संघ डॅलस काउबॉइज पहिले दोन्ही सामने हरला. त्याच हंगामाच्या अखेरीस, २ जानेवारी १९९४ रोजी जायंट्स संघाविरुद्ध खांद्याचा सांधा निखळलेला असताना त्याने ३२ कॅरींत १६८ यार्ड काढले आणि १० पासही झेलले. २००२ मध्ये त्याने वॉल्टर पेटनचा संपूर्ण कारकिर्दीतील १६,७२६ यार्डांचा विक्रम मागे टाकला. शेवटची दोन वर्षे तो ॲरिझोनाच्या संघाकडून खेळला. २००३ मध्ये हाती लागले फक्त २५६ यार्ड. तरी २००४ मध्ये ९३७ यार्ड पळून तो थांबला, तेव्हा खात्यावर ४,४०९ कॅरी आणि १८,३५५ यार्ड होते.